खिशातल्या चाकूचे माप

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो आणि महापे येथील एका कंपनीत संगणक व नेटवर्कच्या देखभालीचे काम करतो. रोज ठाण्याहून कोपरखैरणेपर्यंत लोकलने जातो. कामावर खोकी उघडणे, चिकटपट्ट्या कापणे, केबल टाय काढणे हे सतत चालते. डब्याबरोबर एखादे फळही असते. गेल्या वर्षी मी १० सेंटीमीटर पात्याचा घडीचा चाकू मागवला, पण आठवड्याभरातच तो कपाटात गेला, कारण खिशात तो टोचत असे. आता लहान चाकू घ्यावा म्हणतो, तर ५८, ८४, ९१ आणि १११ मिलिमीटर अशी मापे दिसतात. ९१ म्हणजे जवळपास माझ्या जुन्या चाकूएवढाच, असे वाटून मी थांबलो. रविवारी येऊरला फिरायला जातो, तिथेही तो जवळ असावा आणि अडचणीच्या प्रसंगी संरक्षणालाही उपयोगी पडावा, असे मनात आहे. पत्नीचे म्हणणे असे की नोकरदार माणसाला चाकूची गरजच काय. रोज बाळगण्यासाठी नेमके कोणते माप घ्यावे?

उत्तर : तुमच्या पत्रातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा तुमच्या अडचणीचे मूळ माझ्या ध्यानात आले. कपाटात पडलेल्या चाकूचे १० सेंटीमीटर हे माप पात्याचे आहे; ज्या स्विस चाकूंची मापे तुम्ही लिहिली आहेत, ती मात्र मिटलेल्या चाकूची, म्हणजे मुठीची लांबी आहे. पाते मुठीत मिटून बसायचे असेल तर ते मुठीपेक्षा आखूड असावेच लागते, आणि म्हणून तुमचा जुना चाकू मिटल्यावर साडेबारा-तेरा सेंटीमीटरचा भरत असणार. ९१ मिलिमीटरचा चाकू मिटल्यावर नऊ सेंटीमीटरच्या जरासा पुढे जातो आणि त्याचे पाते साडेसहा ते सात सेंटीमीटरच्या घरात असते. या दोघांना तुम्ही जवळपास सारखे समजलात, पण प्रत्यक्षात त्यांच्यात जवळजवळ दोन बोटांचे अंतर आहे.

हा घोळ तुमचा एकट्याचा नाही. व्हिक्टोरिनॉक्ससारखी स्विस कंपनी मिटलेल्या चाकूची लांबी सांगते, अमेरिकी विक्रेते पात्याची लांबी इंचांत सांगतात, आणि फ्रान्समधल्या ओपिनेलच्या लाकडी मुठीच्या चाकूंवर नुसता क्रमांक असतो, तो कोणत्याही लांबीचा आकडा नसतो. ओपिनेलच्या ८ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटीमीटरचे आणि ६ क्रमांकाच्या चाकूचे सुमारे सात सेंटीमीटरचे असते. त्यामुळे कोणताही चाकू पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा की सांगितलेले माप मुठीचे आहे की पात्याचे. दुकानदाराला ते सांगता आले नाही, तर फूटपट्टी काढून स्वतः मोजून घ्यावे.

आता ही मापे डोळ्यांपुढे कशी आणावीत, ते सांगतो. तुमच्या पाकिटात बँकेचे एटीएम कार्ड असेलच. जगभर त्याचे माप एकच असते, लांबी ८५.६ मिलिमीटर आणि रुंदी ५४ मिलिमीटर. ५८ मिलिमीटरचा चाकू या कार्डाच्या रुंदीपेक्षा थोडासा मोठा, ८४ मिलिमीटरचा चाकू कार्डाच्या लांबीएवढा, ९१ आणि ९३ मिलिमीटरचे चाकू लांबीपेक्षा अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरने मोठे, आणि १११ मिलिमीटरचा चाकू कार्डाच्या बाहेर अडीच सेंटीमीटर डोकावणारा. कार्ड तळहातावर आडवे धरा आणि चार बोटे मिटून पाहा. कार्डाचे टोक मुठीबाहेर जेमतेम दिसत असेल, तर ८४ ते ९३ मिलिमीटरची मूठ तुमच्या हाताला पुरते, कारण चारही बोटांना धरायला जागा मिळते. ५८ मिलिमीटरच्या चाकूवर दोन, फार तर तीन बोटे बसतात. त्याने पाकीट किंवा औषधाचे वेष्टन सुरेख कापता येते, पण जाड पुठ्ठा कापताना जोर लावला की तो हातात फिरतो. चाकू हातात फिरणे हे लहान चाकूमुळे होणाऱ्या जखमांचे मोठे कारण आहे, आणि लहान म्हणजे सुरक्षित असे मानणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये वीस वर्षे काम केले. तिथे खिशात चाकू असणे ही अगदी साधी बाब होती, आणि मीही सुरुवातीला मोठाच चाकू बाळगत असे, कारण लांब पात्याने सगळेच काम होते आणि आखूड पात्याने थोडेच, अशी माझी समजूत होती. एकदा संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली म्हणून मी पेरू कापायला तो चाकू उघडला. समोरच्या बाकावर एक शाळकरी मुलगा आजीबरोबर बसला होता. पाते उघडल्याचा आवाज होताच आजीने त्या मुलाला स्वतःकडे ओढून घेतले आणि पुढच्या स्थानकापर्यंत तिची नजर माझ्या हातावरून हलली नाही. मी चाकू मिटला, पेरू तसाच पिशवीत ठेवला. त्या दिवसानंतर चाकूचे माप ठरवताना मी एक प्रश्न नेहमी विचारत आलो आहे : हा चाकू चारचौघांत उघडला, तर शेजारचा माणूस दचकेल का? सफरचंद कापण्याच्या मापाचा चाकू पाहून कुणी दचकत नाही. मात्र वितीच्या जवळ पोहोचणारे पाते पाहून, आणि त्यातही ते काळे रंगवलेले किंवा झटक्यात उघडणारे असेल तर, माणसे दचकतात, आणि त्यांचे दचकणे योग्यच असते.

तुमच्या रोजच्या कामांकडे पाहू. खोके उघडताना पात्याच्या टोकाकडचे जेमतेम दोन सेंटीमीटरच कामाला येतात. त्याहून जास्त पाते आत गेले तर पुठ्ठ्याखालच्या वस्तूवर ओरखडा पडतो, आणि तुमच्या कामात ती वस्तू महागडा नेटवर्क स्विच किंवा केबलचा गुंडाळा असू शकते. म्हणजे या कामाला लांब पाते केवळ अनावश्यकच नाही, तर अडचणीचेही आहे. फळांच्या बाबतीत लोकांना वाटते की आठ सेंटीमीटरच्या सफरचंदाला आठ सेंटीमीटरचे पाते हवे. गोल फळ आपण भोवताली फिरवत कापतो, त्यामुळे पाते फळाच्या मध्यापर्यंत पोहोचले की पुरते. सहा सेंटीमीटरच्या पात्याने सफरचंद, पेरू, संत्रे, चिकू हे सगळे व्यवस्थित कापले जाते. हापूसची कोय चपटी असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या फोडी याच पात्याने दोन-तीन वेळा चालवून निघतात. कलिंगड किंवा अननस खिशातल्या चाकूने कापू नये. तो घरच्या सुरीचा प्रांत आहे, आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या कामासाठी वर्षभर मोठा चाकू वाहणे हा चुकीचा हिशेब होय. केबल टायबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. केबलला घट्ट बसलेला टाय चाकूने कापू गेल्यास आतल्या तारेचे आवरण सोलले जाते आणि पाते निसटून अंगठ्यावर येते. त्यासाठी कामाच्या पेटीत छोटा वायर कटर ठेवावा, किंवा कात्री असलेला चाकू निवडून त्या कात्रीने पातळ टाय कापावेत.

लांबीविषयी एवढी चर्चा होते, पण खिशाला चाकू जड वाटतो तो जाडीमुळे आणि वजनामुळे. स्विस चाकूंच्याच घराण्यातले आकडे पाहा. ५८ मिलिमीटरचा सर्वांत साधा चाकू सुमारे २१ ग्रॅमचा, म्हणजे दहा रुपयांच्या तीन नाण्यांहूनही थोडा हलका. ८४ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा चाकू सुमारे ४६ ग्रॅम. ९१ मिलिमीटरचा दोन थरांचा, म्हणजे मुठीत पाती-अवजारांच्या दोन रांगा असलेला चाकू सुमारे ६० ग्रॅम. मात्र त्याच ९१ मिलिमीटर लांबीत करवत, पक्कड, भिंग असे थरावर थर चढवले की स्विसचॅम्प तयार होतो, आणि त्याचे वजन १८५ ग्रॅमच्या आसपास, जाडी तीन सेंटीमीटरहून अधिक. लांबी तीच असूनही पहिला खिशात असल्याचे विसरायला होते आणि दुसरा बसताना मांडीला रुतत राहतो. म्हणून मापाच्या आकड्याइतकेच थर मोजा. दोन थरांचा चाकू खिशासाठी, तीन थरांचा कात्रीसह असेल तर तोही चालेल, त्यापुढचे सगळे बॅगेसाठी.

पात्याच्या जाडीचेही तसेच आहे. पाठीशी दोन-अडीच मिलिमीटर जाड असलेले पाते फळातून सरळ उतरते. साडेतीन-चार मिलिमीटर जाड पाते पाचरीसारखे शिरते आणि फळ कापण्याऐवजी फोडते. मोठे, दणकट दिसणारे बरेचसे चाकू या दुसऱ्या प्रकारचे असतात. तुमच्या कपाटातल्या चाकूने सफरचंद कापून पाहा. फोड मधेच तडकली, तर मी काय म्हणतो ते हाताला कळेल.

लॉकविषयी तुम्ही विचारले नाही, पण ते मापाशी जोडलेले आहे. लहान स्विस चाकूंत पाते केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहते, त्याला लॉक नसते. खाली दाबून कापताना त्यात काही धोका नाही, मात्र टोकाने भोसकल्यासारखा जोर दिला तर पाते बोटांवर मिटू शकते. १११ मिलिमीटरच्या बहुतेक चाकूंना लॉक असते, ओपिनेलला १९५५ पासून फिरवून बसवायची कडी आहे. शेतावर किंवा लाकूडकामाला लॉक हवेच. कार्यालयातल्या खोक्यांना आणि डब्यातल्या फळांना लॉक नसलेला चाकू पुरतो, आणि तो दिसायलाही साधा असतो, हा लोकलमध्ये प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीने मोठाच गुण आहे.

आता कायद्याचा भाग, ज्यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुम्ही जे वाचले आहे ते बहुधा परदेशी माणसांनी त्यांच्या देशांसाठी लिहिलेले असणार. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार लॉक नसलेला आणि ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो, म्हणून तिकडे ३ इंचांची चर्चा फार चालते. तो आकडा ठाण्यात लागू होत नाही. आपल्याकडे शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारे येतात, आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली साधने त्यातून वगळली आहेत. हे वाचून काही जण असा अर्थ काढतात की ९ इंचांच्या आतले सगळे चालते. तसे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात, आणि त्या आदेशांत शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या यांच्याबरोबर शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास बंदी असते. त्या कलमात इंचांचा उल्लेख नाही. सणासुदीला, निवडणुकीच्या काळात, मोर्चे-आंदोलनांच्या वेळी असे आदेश ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांच्या हद्दीत निघतात आणि वर्तमानपत्रांत छापून येतात. तुमचा रोजचा प्रवास या दोन्ही हद्दींतून होतो, ऐरोली-रबाळेच्या बाजूला गेलात की आयुक्तालय बदलते. तेव्हा दोन्हीकडच्या आदेशांवर लक्ष ठेवावे आणि आदेश लागू असलेल्या दिवसांत चाकू, मग तो ५८ मिलिमीटरचा का असेना, घरीच ठेवावा. मॉल आणि मेट्रोच्या प्रवेशद्वारांवर तपासणी असते, तिथे सुरक्षारक्षकाशी वाद घालू नये. विमानप्रवासात चाकू हातातल्या बॅगेत कधीच न ठेवता सुपूर्त करण्याच्या सामानातच ठेवावा. ५८ मिलिमीटरचा चाकू किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला असला की तो नेमका विसरला जातो. आणि आपल्या कंपनीच्या प्रशासनाला एकदा विचारून घ्यावे, कारण महाप्यातल्या अनेक संकुलांचे स्वतःचे नियम असतात.

येऊरविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाण्यास मनाई आहे, हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे, आणि त्या कायद्याने केलेल्या शस्त्राच्या व्याख्येत सापळे, जाळी आणि विष यांच्या रांगेत चाकूही नावानिशी आहे. तिथेही लांबीची सूट नाही. रविवारी निघताना चाकू खिशातून काढून ठेवा आणि फळे घरूनच कापून न्या. आपल्या शहराच्या उंबरठ्यावर बिबट्यांचे जंगल शाबूत आहे, आणि ते शाबूत राहावे यासाठी केलेला हा नियम मला मनापासून पटतो.

संरक्षणाच्या कल्पनेबद्दलही तेवढ्याच स्पष्टपणे लिहितो. ती मनातून काढून टाका. घडीचा चाकू खिशातून काढून, नखाने खाच शोधून, दोन्ही हातांनी उघडावा लागतो. झटापटीत तो हल्लेखोराच्या हाती जाण्याची किंवा स्वतःचीच बोटे कापण्याची शक्यता अधिक. शिवाय, संरक्षणासाठी म्हणून चाकू घेऊ लागलो की निवड आपोआप लांब, जाड, लॉकच्या, बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूंकडे सरकते, आणि तोच चाकू पोलिसांनी हटकल्यावर हत्यार ठरतो. फळासाठी चाकू हवा असेल तर फळाच्या मापाचा घ्या. संरक्षणासाठी हवा असेल तर चाकू घेऊच नका.

एवढे सगळे लक्षात घेता तुमच्यासाठी मी ८४ मिलिमीटरचा, दोन थरांचा, लॉक नसलेला, स्टेनलेस पात्याचा चाकू सुचवतो. कार्डाची चाचणी करताना तुमचा तळहात मोठा निघाला, किंवा कात्री हवीच असे वाटले, तर ९१ मिलिमीटरचा तीन थरांचा घ्या, त्यापुढे जाऊ नका. स्टेनलेसचा आग्रह आपल्या हवेमुळे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घोडबंदरच्या खाडीकडच्या दमट हवेत आणि घामेजलेल्या खिशात कार्बन पोलादावर एका रात्रीत तांबूस डाग चढतात, आणि लिंबू किंवा कैरी कापून पाते तसेच मिटले तर तासाभरात काळसर होतात. लाकडी मुठीच्या ओपिनेलवर माझे प्रेम आहे, परंतु पावसाळ्यात त्याचे लाकूड फुगते आणि पाते बाहेर काढायला जोर करावा लागतो. तो ऑक्टोबर ते मे या महिन्यांचा चाकू आहे. स्टेनलेस पातेही फळ कापल्यावर धुऊन, पुसून, वाळवून मिटावे, कारण सांध्यात राहिलेल्या रसाने स्प्रिंग चिकट होते. धार महिन्यातून एकदा बारीक दगडावर लावून घ्यावी. बोथट चाकूला जोर जास्त लागतो आणि जोर लावलेला हातच घसरतो.

खिशाबाहेर क्लिप दिसेल असा चाकू नको. जीन्सच्या उजव्या खिशात जो छोटा खिसा असतो, त्यात ८४ मिलिमीटरचा चाकू बहुधा उभा राहतो आणि मोबाइलवर ओरखडेही पडत नाहीत. तसा खिसा नसेल तर कापडाची छोटी थैली शिवून घ्यावी.

तुमच्या पत्नींच्या प्रश्नाला मी बाजूला सारणार नाही, कारण गरज आहे का, हाच प्रश्न मापाच्या आधी यायला हवा. खरेदी करण्यापूर्वी पंधरा दिवस एक छोटी नोंद ठेवा : चाकूची गरज केव्हा पडली, कशासाठी पडली आणि तेव्हा काय वापरले. दात, किल्ली किंवा पेनाचे टोक असे उत्तर वारंवार येत असेल, तर चाकू हवा आहे, आणि ही वही पत्नींनाही दाखवता येईल. नोंदी सगळ्या वेष्टने आणि औषधांच्या पट्ट्यांच्याच निघाल्या, तर ५८ मिलिमीटरचा चाकूही पुरेल आणि माझी वरची शिफारस बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. नोंदी कार्यालयातल्या खोक्यांच्याच असतील, तर सरकत्या पात्याचा साधा पेपर कटर टेबलाच्या खणात ठेवा, तो खिशात न्यायचीही गरज नाही. घरात लहान मूल असेल, तर संध्याकाळी घरी पोहोचताच चाकू उंचावरच्या ठरलेल्या जागी ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

कपाटातला १० सेंटीमीटरचा चाकू विकण्याची घाई करू नका. त्याचे पाते पातळ असेल, तर स्वयंपाकघरात भाजी चिरायला तो उत्तम चालेल. जाड असेल, तर गावी शेतावर किंवा बागेत दोरी, बांबूच्या कांबी आणि खताच्या गोण्या कापायला द्या. अशा कामासाठी ते माप योग्य आहे.